खळ्यातला झुंबा आणि दुमिंगकाका

सौदा उभ्याने करावा, हा माझा नियम आहे. बसलं की हातात चहा येतो, चहाबरोबर घरच्यांची विचारपूस येते आणि मग भावाचं बोलताना जीभ जड होते. या नियमाने मी बांबू घेतले, कनाती घेतल्या, टेम्पो घेतला, गोखिवऱ्याला गोदाम भाड्याने घेतलं. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून दुसऱ्यांच्या मांडवाचे दोर आवळणारा माणूस आज स्वतःच्या नावाचा मांडव घालतो, तो या नियमावर. एक सौदा तेवढा फसला. दुमिंगकाकांच्या खळ्याचा. काका जाऊन आता बराच काळ झाला. माझा राग मात्र आहे तिथेच आहे, तेव्हा मी त्यांच्याबद्दल फार गोड लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

वसईत आमची बिल्डिंग जिथे संपते तिथून जुनं गाव सुरू होतं, आणि गावातलं पहिलं घर काकांचं. कौलारू, पुढे ओटा, मागे केळीची आणि चाफ्याची वाडी. ओट्यासमोर खळं. पूर्वी तिथे भात झोडत. भातशेती गेली, तरी काकांनी त्या जागेवर ना गाडी उभी करू दिली, ना एखादं झाड लावलं. दर वर्षी पावसाळा सरला की ते माणूस लावून ती जमीन चोपून घेत. इतकी सपाट, इतकी मोकळी, रस्त्याला लागून असलेली जागा त्या भागात दुसरी नव्हती. माझ्या धंद्याच्या माणसाला अशी जागा रिकामी बघवत नाही.

काका ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसत. अंगात गंजी, खाली अर्धी पँट, गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस. शेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची, येणाऱ्यासाठी. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, ती मला निम्मीच कळायची. माझ्याशी मराठीत बोलत आणि मला ‘मांडववाले’ म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. गेलो की म्हणायचे, “बस.” मी म्हणायचो, “बरा आहे असाच.” मग ते त्या रिकाम्या खुर्चीकडे असं बघत, की जणू तिचाच अपमान झालाय.

त्यांची माझी ओळख त्यांच्या मुलीच्या, ग्लोरियाच्या लग्नात झाली. मांडव त्याच खळ्यात घालायचा होता. मी उभ्याउभ्या भाव सांगितला. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यात पोस्टमन आला. काका त्याला म्हणाले, “हे मांडववाले. एवढे मागतात.” पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मग पाववाला आला, त्यालाही तेच. मग शेजारची म्हातारी. नंतर कोणी येईना तेव्हा काकांनी माझा भाव ओट्याखाली झोपलेल्या कुत्र्याला सांगितला. कुत्र्याने डोळे उघडले. मी भाव उतरवला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्याशी घासाघीस न करता मला खाली आणणारा हा एकच माणूस.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या खळ्यात एक दिवस झुंबा आला.

आमच्या बिल्डिंगच्या बायका आधी गच्चीवर नाचायच्या. वरच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं, त्याचा ठपका उड्यांवर आला आणि गच्चीला कुलूप लागलं. बागेत गेल्या तर वॉचमन शिट्टी मारून हाकलायचा. मग त्यांची शिकवणारी, प्राची नावाची नालासोपाऱ्याची मुलगी, काकांकडे आली. सकाळी थोडा वेळ व्यायाम करायला जागा द्याल का, असं तिने विचारलं. काकांना वाटलं, शाळेतली कवायत असते तसं काहीतरी असेल. हात वर, हात खाली, विश्राम. ते म्हणाले, “घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीवरचा गुडघाभर उंचीचा स्पीकर आला आणि त्यातून जे निघालं त्याने वाडीतले कावळे उठले. तीसेक बायका, कोणी पंजाबी ड्रेसमध्ये, कोणी मुलाच्या ट्रॅकपँटमध्ये, कंबर हलवू लागल्या. गावातल्या कॅथलिक बायकाही होत्या आणि बिल्डिंगमधल्या आमच्याही. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. पण दिलेला शब्द त्यांना परत घेता येईना. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी प्राचीला जवळ बोलावून विचारलं, “आज कोणाचं लग्न आहे?”

“कोणाचं नाही काका. मंडे है ना, आठवड्याची एनर्जी!”

तो त्यांचा कायमचा प्रश्न झाला. नाचाला कारण लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवरून पाणी आणायला जातात, वाटेत नाचतात. ते त्यांना मान्य होतं. घरात लग्न आहे, नवऱ्याला अंघोळ घालायची आहे, पाणी आणायला हवं आणि त्या आनंदात पाय हलले. “पण सोमवारी सकाळी काय झालंय?” ते मला विचारायचे. “पूर्वी बाई नाचत गेली तरी येताना भरलेला हंडा घेऊन यायची. ह्या घामाने ओल्या होऊन रिकाम्या हाताने घरी जातात. आणि एवढं पळून पोचतात कुठे? जिथे होत्या तिथेच.”

ते स्वतः कधी नाचले नाहीत. लग्नांमध्ये ते सगळ्यांचे कोट आणि पर्स सांभाळत बसत. त्यांचा मान वेगळा होता. गावातल्या लग्नात टोस्ट उचलायला त्यांनाच बोलवत. हातात वाइनचा ग्लास घेऊन नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलायचे, असं ते काम. मांडव माझा असला की मी मागे उभं राहून ऐकायचो. एका लग्नात नवरा-नवरी प्रवेशद्वारापासून स्टेजपर्यंत बसवलेला नाच करत आली. दोन पावलं पुढे, एक गिरकी, पुन्हा मागे. पुढे कॅमेरेवाला उलटा चालतोय. काका स्टेजवर ग्लास घेऊन ताटकळत उभे. शेवटी जोडी पोचली. काका माइकवर म्हणाले, “आमच्या वेळी नवरा-नवरी चालत यायची, म्हणून वाइन गार असताना मिळायची.” सगळा मांडव हसला. मग त्यांनी त्याच मुलीच्या लहानपणाबद्दल असं काही सांगितलं की तिच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला. खाली उतरल्यावर मला म्हणाले, “गिरकी वाईट नव्हती. पण बूट आवळा म्हणावं.” सांगायचा मुद्दा, त्यांना नाच आवडत नसे, पण बघताना त्यांची नजर ढळत नसे.

खळ्यातल्या झुंबाचंही तसंच. ते आत जाऊन बसू शकले असते. वाडीत जाऊ शकले असते. पण सकाळी बायका जमण्याआधीच ते दाढी करून खुर्चीत तयार असत आणि तिथून मोठ्याने शेरे मारत. प्रत्येक हालचालीला त्यांनी एक नाव दिलं होतं. दोन्ही हात खाली झटकत पुढे यायचं, ते कोंबड्या हाकणं. हात वर करून धावायचं आणि मग हात टाकून परत फिरायचं, ती चुकलेली बस. दोन मुठी एकमेकींवर फिरवायच्या, ते ओली चादर पिळणं. एक हात उंच, दुसरा खाली, अंग तिरपं, म्हणजे केळीचा घड उतरवणं. “अरे, तो घड डोक्यात पडेल,” असं ते मागच्या रांगेतल्या एखादीला ओरडून सांगत आणि ती हसून खरोखरच बाजूला होई.

झालं काय, की प्राचीच्या इंग्रजी नावांपेक्षा ही नावं बायकांच्या लक्षात राहायला लागली. ती काहीतरी इंग्रजीत ओरडायची आणि अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे जायच्या. एक दिवस तिने वैतागून म्हटलं, “अरे यार, कोंबड्या!” आणि तीसच्या तीस एकदम पुढे आल्या. त्यानंतर वर्ग काकांच्या भाषेत चालू लागला. “आता चादर! पिळा! आता बस चुकली, डावीकडून!” लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, गावात काहीतरी मोठा घोळ झालाय.

काकांना याचा राग आला, असं ते म्हणायचे. आपण केलेली थट्टा कोणी शिकवणी म्हणून वापरावी, हे त्यांना चोरीसारखं वाटत होतं. पण एकदा प्राचीने घाईत एक हालचाल वगळली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला ओट्याजवळ थांबवलं. “काल कोंबड्या राहिल्या,” ते म्हणाले.

“सॉरी काका. आज डबल घेऊ.”

“माझं काही नाही. मला काय त्याचं. राहिल्या म्हणून सांगितलं.”

आता माझं. त्या सुमारास गोखिवऱ्याचं गोदाम माझ्या नरड्याशी आलं होतं. पावसात तिथे पाणी शिरायचं, कापडाला बुरशी धरायची आणि त्यात मालकाने सांगितलं की मला विकायचंय, जागा बघ. माझं सगळं सामान, म्हणजे माझा सगळा जन्म, ठेवायला जागा नव्हती. आणि घराच्या खिडकीतून रोज दिसत होतं ते खळं. तिथे पत्र्याची शेड घातली असती तर टेम्पो दारात, माल डोळ्यासमोर. मी हिशोबी माणूस आहे. मी विचार केला, काकांना हा नाच नको आहे. मला जागा हवी आहे. दोघांचं काम एका दगडात.

मी रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभा राहू लागलो. काकांच्या नापसंतीला जेवढं खतपाणी घालता येईल तेवढं घातलं. स्पीकरचा त्रास, वयाला शोभतं का, रस्त्यावरचे लोक बघतात. काका प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचे, वर आपलं एखादं वाक्य घालायचे. माझी बायको शालन तोवर त्या वर्गात जाऊ लागली होती, गुडघे दुखतात म्हणून, आणि तिचे गुडघे दुखायचे थांबले होते. तरी मी तिलाही सोडलं नाही. “आमची शालनसुद्धा बिघडली,” मी म्हटलं. काका म्हणाले, “ती चादर चांगली पिळते.” मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी मी शेडचं सरळ विचारलं. काकांनी बराच वेळ खळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बघू.”

धंद्यात ‘बघू’ म्हणणारा माणूस निम्मा आपला झालेला असतो. मी त्याच दिवशी पत्रेवाल्याला माप घ्यायला बोलावलं. तो टेप घेऊन खळ्यात फिरला. शालनने ते खिडकीतून बघितलं आणि रात्री माझं ताट आपटून वाढलं.

सकाळी बायका जमल्या, पण गाणं लागलं नाही. सगळ्या ओट्यासमोर उभ्या होत्या, प्राची पुढे. मी खाली उतरलो आणि काकांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. प्राचीचा नेहमीचा आवाज नव्हता. ती म्हणाली, काका, खरं काय ते सांगा. गच्ची गेली, बागेतून हाकललं, हॉलचं भाडं झेपत नाही. हे गेलं तर वर्ग बंद. माझ्या घरी बाकी कोणाला काम नाही. तुम्हाला आम्ही आवडत नाही हे माहितीये, पण निदान आधी सांगायचं तरी.

मी म्हटलं, “काकांनी दोन वर्षं सांगितलंय, रोज सांगितलंय, ओरडून सांगितलंय. ह्यांना हा नाच पसंत नाही. अजून काय सांगायचं?”

काका माझ्याकडे वळले. “पसंत नाहीच,” ते शांतपणे म्हणाले. “मला फादरचं लांबलेलं प्रवचनही पसंत नाही. ते मी फादरला तोंडावर सांगतो. म्हणून मी चर्चला कुलूप लावू?”

“काका, तुम्ही बघू म्हणालात.”

“बघितलं. रात्रभर बघितलं. तुझी शेड झाली, तर सकाळी मी दाढी करून इथे बसणार आणि समोर काय? तुझे बांबू. बांबूंना मी काय बोलू? बांबू काय चुकतात?”

एक बाई फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, आणि जरा तिखट स्वरात प्राचीला म्हणाले, “आणि तो स्पीकर कमी कर. आवाज वाढवल्याने पाय सरळ पडत नाहीत.”

मी त्या दिवशी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बरंच बोललो. रागात माझा आवाज त्या स्पीकरच्या वर जातो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी लाल खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. “बस,” म्हणाले. मी तरातरा निघून आलो.

सामान मला चिंचोटीच्या पुढे न्यावं लागलं. हायवेच्या गर्दीत टेम्पो अडकला की मला दुमिंगकाका आठवत, आणि टेम्पो रोज अडके. कित्येक महिने मी त्यांच्या ओट्याकडे मान वळवली नाही. खिडकीतून ऐकू यायचं तेवढं यायचं. कोंबड्या, चादर, बस. शालन जेवायला वाढताना मुद्दाम काही सांगायची. काकांनी आज नवीन मुलीला पहिल्या रांगेत घ्यायला लावलं. काका म्हणाले, घड हळू उतरवा, केळी कोवळी आहेत. मी भात कालवत बसायचो.

मग काका आजारी पडले. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा निम्मे राहिले होते. ग्लोरिया सासरहून येऊन राहिली. लोक बोलू लागले की आता त्या जागेचं काहीतरी होणार. मी पुन्हा हिशोब केला. माणूस थकला की सौदा सोपा होतो, हेही मी धंद्यातच शिकलोय. एका सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटची बोली करायला गेलो.

काका त्यांच्या वेताच्या खुर्चीत होते. गंजीवर स्वेटर, पायावर चादर. दाढी मात्र केलेली. खळ्यात वर्ग चालू होता, स्पीकर हळू. त्यांनी मला पाहिलं, जणू मी कालच येऊन गेलो होतो. “बस.”

“बरा आहे असाच,” मी म्हटलं, आणि जागेचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. प्राची नवीन हालचाल शिकवत होती. एक पाय पुढे रोवायचा, दोन्ही हात उजव्या खांद्यावरून खाली जोरात ओढायचे, मग गोल फिरवून पुन्हा ओढायचे. इंग्रजीत तिने काहीतरी म्हटलं. कोणालाही कळलं नाही. सगळ्या काकांकडे बघू लागल्या. काका डोळे बारीक करून बघत होते. ओठ हलत होते, पण नाव सापडत नव्हतं. मी त्यांना कधी शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं.

“मांडववाले,” ते हळूच म्हणाले, “हे काय करतायत?”

मी बघितलं. मला विचार करावा लागला नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापासून हे माझ्या खांद्यांनी केलंय. पाय खांबाच्या बुंध्याला, दोर खांद्यावरून, ओढ, वळसा, ओढ.

“मांडव बांधतायत,” मी म्हटलं.

काकांचा चेहरा उजळला. आवाज फुटेना, म्हणून त्यांनी मला खूण केली. मीच ओरडलो, “मांडव!” तीस बायका हसल्या आणि मांडव बांधू लागल्या. पुढच्या रांगेत शालन होती. तिने माझ्याकडे बघत दोर ओढला, पण पाय असा ढिला ठेवला होता की खरा खांब असता तर तिच्या अंगावर आला असता. मला राहवलं नाही.

“पाय रोव आधी! नुसत्या हाताने ओढून गाठ बसते का कधी?”

काका खुर्चीत हसत होते. आवाज नव्हता, खांदे हलत होते. त्यांनी चादरीतून पाय काढला आणि लाल खुर्ची माझ्याकडे सरकवली. थोडीशीच सरकली. तेवढाच जोर उरला होता.

“आता तरी बस,” ते म्हणाले. “उभ्याने नीट दिसत नाही.”

मागच्या रांगेत एकजण उलट्या बाजूने वळसा घेत होती. मी तिच्याकडे बघत बघत खाली बसलो.